रेज की कॉल? नव्या दहा बियांचा हिशेब

पणजीत मांडवीच्या काठाने संध्याकाळी चालताना नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचे दिवे दिसतात, आणि त्यांच्यामुळेच पोकर म्हटले की आपल्याला आधी पैसा, व्यसन आणि नशीब आठवते. या खेळाच्या पोटात असलेले संभाव्यतेचे गणित त्या झगमगाटात दिसेनासे होते. यंदा चवथीला घरात जमलेल्या मुलांबरोबर मी वसरीत बसून हा खेळ खेळलो, तो पैशांनी नव्हे, तर उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या काजूच्या बियांनी. एका डावानंतर भाच्याने विचारले, “मामा, तुमचा फ्लश तर झालाच नव्हता, मग रेज कशाला केलंत?” फ्लश म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते आणि रेज म्हणजे बोली वाढवणे. आपले पत्ते सर्वांत चांगले असतील तेव्हाच रेज करायचे, हा त्याच्या प्रश्नामागचा समज बहुतेकांच्या मनात असतो, आणि तो चुकीचा आहे.

आम्ही खेळत होतो तो लिमिट होल्डेम हा प्रकार. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, आणि मध्यभागी पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न आणि शेवटी एक रिव्हर. यातील सर्वोत्तम पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या बिया. लिमिट प्रकारात बोलीची रक्कम ठरलेली असते. आमच्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांत ती पाच बिया होती आणि टर्नपासून पुढे दहा. आज अधिक लोकप्रिय असलेल्या नो-लिमिट प्रकारात किती लावायचे हाही प्रश्न असतो. येथे तो नसल्यामुळे कोणी बोली लावली की सोडायचे, तेवढेच भरून कॉल करायचा की दुप्पट करून रेज, एवढाच निर्णय उरतो, आणि म्हणूनच तो कागद-पेन्सिलने तपासता येतो.

आधी भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या हातात दोन बदाम होते आणि फ्लॉपवर आणखी दोन. मला न दिसलेले पत्ते ४७, त्यांपैकी बदामाचे ९. पुढच्या दोन पत्त्यांत एकही बदाम न येण्याची शक्यता ३८/४७ गुणिले ३७/४६, म्हणजे सुमारे ६५ टक्के. म्हणून फ्लश पूर्ण होण्याची शक्यता ३५ टक्के. डाव हरण्याची शक्यता जिंकण्याच्या जवळजवळ दुप्पट असताना पैसे वाढवणे वेडेपणाचे वाटते. पण मी एकटा नव्हतो, माझ्यासमोर तिघे होते. मी पाच बिया वाढवल्या आणि तिघांनीही तेवढ्याच भरल्या, तर पॉटमध्ये २० नव्या बिया आल्या. त्यांतील ३५ टक्के, म्हणजे सरासरी सात, माझ्या, आणि मी भरल्या पाच. तेव्हा सर्वाधिक शक्यता हरण्याचीच असूनही त्या रेजवर मला सरासरी दोन बियांचा नफा होता. समोर एकच खेळाडू असता, तर दहा नव्या बियांपैकी माझा वाटा साडेतीन आणि भरणा पाच, म्हणजे दीड बीचा तोटा. फ्लश होऊनही कधी कधी त्याहून मोठा हात निघतो, म्हणून खरा वाटा ३५ टक्क्यांहून थोडा कमीच धरावा लागतो. दोन प्रतिस्पर्धी असताना दिसणारा पाव बीचा नफा त्यातच विरून जातो.

यावरून बसण्याच्या जागेला महत्त्व का येते, तेही कळते. बोली माझ्या डाव्या हाताच्या खेळाडूने लावली असेल, तर माझी पाळी येईपर्यंत इतरांनी ती भरलेली असते, आणि मग माझ्या रेजवर आणखी पाच बिया भरायला कोणी सहसा मागे हटत नाही. बोली उजव्या हाताच्या खेळाडूने लावली असेल, तर माझ्या रेजनंतर पुढच्या दोघांसमोर एकदम दहा बियांचा प्रश्न उभा राहतो. ते निघून जातात, आणि ज्यांच्या भरण्यावर माझा नफा उभा होता, तेच उरत नाहीत. तेच पत्ते, तोच फ्लॉप, पण एका जागी रेज योग्य आणि दुसऱ्या जागी कॉल.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग, रिव्हर. येथे सर्व पत्ते उघडलेले असतात, शक्यता संपलेल्या असतात आणि उरते ते केवळ समोरच्याच्या हाताबद्दलचे अनुमान. समजा, समोर एकच खेळाडू आहे, त्याने दहा बिया लावल्या आहेत आणि त्या धरून पॉटमध्ये ७० बिया आहेत. कॉल करण्यासाठी मला दहा भरून ७० मिळवायच्या आहेत. आठांतून एकदा जिंकलो तरी हिशेब बरोबरीत सुटतो, म्हणजे १२.५ टक्के शक्यता पुरते. पॉट जितका मोठा, तितका कॉल स्वस्त.

रेजचे गणित अगदी निराळे आहे. समजा, त्याने ज्या हातांनी बोली लावली असेल असे २० संभाव्य हात मी मोजले, त्यांपैकी १२ माझ्याहून कमकुवत आणि ८ वरचढ आहेत. म्हणजे मी ६० टक्के वेळा पुढे आहे. कॉल केला, तर २० डावांत १२ वेळा ७० मिळतात आणि ८ वेळा दहा जातात, म्हणजे दर डावाला सरासरी ३८ बियांची कमाई. आता रेज करू. कमकुवत १२ पैकी ५ हात पत्ते टाकतील आणि त्यांच्याकडून कॉलपेक्षा अधिक काहीच मिळणार नाही. ७ हात कॉल करतील आणि प्रत्येकी दहा बिया जास्त देतील. वरचढ ८ पैकी ५ हात कॉल करून माझ्या दहा जास्तीच्या बिया नेतील आणि ३ हात पुन्हा रेज करून, मी तेही भरले तर, २० नेतील. जमा ७०, खर्च ५० अधिक ६०. चाळीस बियांचा तोटा वीस डावांवर पसरला, तर सरासरी ३८ वरून ३६ वर येते.

६० टक्के वेळा पुढे असूनही रेज तोट्याचे ठरले, याचे कारण असे की रेजचा नफा सर्व हातांवर नव्हे, तर त्या रेजला जे उत्तर देतात त्यांच्यावरच मोजायचा असतो, आणि त्या १५ हातांत मी फक्त ७ वेळा पुढे आहे. या वजाबाकीत ७० चा आकडा कोठेही आलेला नाही, हेही पाहावे. पॉट ७०० बियांचा असता, तरी तोटा चाळीसच राहिला असता. समोरचा कुतूहलापोटी कधीच पत्ते न टाकणारा असेल, तर कमकुवत बाराही हात पैसे भरतात आणि जमा १२०, खर्च ११० होऊन रेज फायद्याचे ठरते. माणूस बदलला की उत्तर बदलते. वरचढ हात टाकून देणारा कोणी भेटला, तर मात्र पॉट हिशेबात परत येतो, कारण असा प्रत्येक हात कॉलच्या तुलनेत ८० बियांचा फरक करतो. पण ९० बियांच्या पॉटसाठी दहा भरायच्या असताना चांगला हात कोण टाकेल? लिमिट प्रकारात ती आशा क्वचितच फळते.

“मला आज पत्ते लागत आहेत”, “ही जागा लाभाची आहे”, असे म्हणून रेज करणारे जत्रेतल्या पटावर आणि कॅसिनोच्या टेबलावर सारखेच भेटतात. ३५ टक्क्यांचा फ्लश सलग तीनदा चुकण्याची शक्यता २७ टक्क्यांहून अधिक आहे आणि त्यामुळे चौथ्या खेपेची शक्यता तसूभरही वाढत नाही. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दोघांमधील लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले. त्यांच्या ‘सेफियस’ या प्रोग्रामने सुमारे १३.८ लाख कोटी निर्णयस्थळांवर, प्रत्येकी २४ कोअरच्या २०० संगणकांच्या मदतीने, ६८ दिवस स्वतःशीच खेळून ही रीत शिकली. प्रत्येक स्थळी तो पश्चात्तापाची वही ठेवतो: येथे कॉलऐवजी रेज केले असते, तर किती जास्त मिळाले असते? ज्या चालीचा पश्चात्ताप जमेकडे अधिक, ती पुढच्या खेपेस त्याच प्रमाणात अधिक वेळा खेळायची, आणि असे फेरीमागून फेरी. यातून घरबसल्या कमाईचे सूत्र सापडले, असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ही उकल दोन खेळाडूंपुरती आहे आणि ती दीर्घकाळात हरू न देण्याची हमी देते, समोरच्याला लुबाडण्याची नव्हे.

भाच्याच्या समजाला सेफियसकडे दोन उत्तरे आहेत. पत्ते वाटण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची बोली समोर असते, आणि पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून पहिली चाल करताना तो साधा कॉल जवळजवळ कधीच करत नाही: एक तर रेज, नाही तर पत्ते खाली. उलट त्याच्या त्या रेजवर समोरच्याने पुन्हा रेज केले, तर हातात एक्क्यांची जोडी असतानाही तो त्या फेरीतली (सक्तीची बोली पहिली धरून) चौथी, शेवटची बोली जवळजवळ लावतच नाही, कॉल करून थांबतो. सर्वोत्तम पत्ते असतानाच तिथे रेज केले असते, तर ते रेज म्हणजे पत्ते उघडून दाखवणेच झाले असते. आणखी पाच बियांसाठी तो ते गुपित विकत नाही, कारण दहा-दहा बियांच्या दोन फेऱ्या अजून यायच्या असतात.