बॅटरी केवढी घ्यायची? आधी विहीर आठवा

मामाने गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलार बसवलं, पीएम सूर्यघरची 78,000 सबसिडी पण जमा झाली, मामा एकदम खुश. मग एका दुपारी लाईट गेली आणि त्याचा फोन, "अरे बाहेर ऊन मी म्हणतंय आणि घरात पंखा बंद! मग वर काय पापड वाळवायला ठेवलंय का हे?"

खूप जणांचा हाच गैरसमज असतो. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (सोलारची वीज घराला आणि बाहेरच्या तारेला जोडणारा डबा) लाईट गेली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट नसताना घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलार आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, आणि बॅटरी पाहिजे.

आता केवढी? दुकानदार म्हणाला, "150 च्या दोन टाका, बिनधास्त." पण 150 कसलं? ॲम्पिअर-अवर. त्याला बॅटरीच्या 12 व्होल्टने गुणलं की 1800 वॅट-अवर, म्हणजे 1.8 युनिट, तेच आपल्या बिलातलं युनिट. दोन बॅटऱ्यांचे 3.6. पण हे कागदावर.

कागदावर का, तर हा माझा आवडता विषय आहे, थोडं सहन करा. दुकानदार म्हणत होता त्या लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात, स्पंजासारख्या बारीक छिद्रांच्या, आणि त्या पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या. करंट काढला की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि छिद्रांमधलं ॲसिड खर्ची पडून पाणी होत जातं. मग बाहेरचं ताजं ॲसिड आत झिरपायला पाहिजे, आणि ते झिरपतं आपल्या सवडीने. मामाला म्हटलं, आपल्या जुन्या विहिरीचं आठव. लहान मोटर लावली तर दिवसभर चालायची, आणि मोठी लावली की तासाभरात तळ दिसायचा, कारण उपसा जास्त आणि झरे तेवढेच. इथे पण तसंच. आणि मोटर बंद करून तासभर थांबलं की विहिरीत परत पाणी येतं ना, तसं इन्व्हर्टर टीं टीं करून बंद पडतो आणि अर्ध्या तासाने चालू केला तर परत दहा मिनिटं चालतो, तो हाच झिरपा.

जर्मनीच्या पॉयकर्टने 1897 साली हे सूत्रात बसवलं. 150 हा आकडा बहुतेक इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर सी-20 असतो, म्हणजे 20 तासांत सावकाश, 7.5 ॲम्पिअरने काढली तर. तुम्ही 60 ॲम्पिअर ओढले (साधारण 700 वॅट) तर साध्या भागाकाराने अडीच तास यायला हवेत, पण (7.5 भागिले 60) चा 1.2 वा घात (1.2 हा लेड-ॲसिडसाठी धरलेला पॉयकर्टचा आकडा) करून त्याला 20 ने गुणलं की येतात जेमतेम 1.65 तास, म्हणजे 150 ची झाली 99. घात सोडून द्या, झरे लक्षात ठेवा. सोलारच्या बॅटरीवर सी-10, म्हणजे 10 तासांत काढली तर, असं लिहिलेलं असतं, तुलना करताना ते बघा. त्यात परत लेड-ॲसिड निम्म्याखाली रोज उतरवली तर आयुष्य घटतं, आणि रिकामी ठेवली तर सल्फेट कडक होऊन बसतं, विहिरीत गाळ साचल्यासारखं.

दुसरा प्रकार लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीचा, तिच्यात द्रव खर्चच होत नाही, लिथियमचे आयन नुसते इकडून तिकडे ये-जा करतात, म्हणून तिथे ही भानगड जवळजवळ नाही आणि 80 टक्के बिनधास्त वापरता येते.

मग मामाचा हिशोब मांडला. तीन पंखे 225 वॅट, टीव्ही 80, दिवे 54, फ्रिज सरासरी 60, राउटर 10, झाले 430 च्या आसपास. त्यांच्याकडे लाईट गेली की पाचेक तास जाते, म्हणजे 2.15 युनिट, इन्व्हर्टरमधली घट धरून अडीच. लेड-ॲसिड घ्यायची तर 5 युनिटची, लिथियम तीन-सव्वातीनची. दुकानदाराच्या 3.6 मधून निम्मे वापरायचे तर रात्री साडेतीन तासांतच पंखे बंद. आणि 3 किलोवॅटचं सोलार दिवसाला 12 युनिट देतं म्हणून 12 युनिटची बॅटरी घ्यायची पण गरज नाही, नेट मीटरिंग (जादा वीज बाहेर द्यायची आणि ती बिलातून वजा व्हायची) असताना ग्रिड, म्हणजे बाहेरची लाईनच, आपली बॅटरी असते. लाईट किती वेळ जाते ते मोजा, सोलार केवढं आहे ते नको.

मामीचं वेगळंच, बॅटरी आग्नेय कोपऱ्यातच पाहिजे. वास्तूवाले स्वयंपाकघर पण आग्नेयेलाच सांगतात, आणि लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. गॅसच्या शेगडीशेजारी हायड्रोजन, वा! जिथे हवा खेळते तिथे ठेवा, दिशा कुठलीही असो.

शेवटी मामाने आधी पंखे बदलले, 75 वॅटचे काढून 30 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले. त्याने 135 वॅट वाचले, आणि तीनच्या ऐवजी अडीच युनिटची लिथियम ऐसपैस पुरते. पाण्याची 1 एचपी मोटर मात्र त्यावर घेतली नाही, चालू होताना ती कितीतरी पट करंट मागते, बॅटरी भरलेली असली तरी इन्व्हर्टर ट्रिप होतो. ती लाईट असताना भर दुपारी लावायची असं ठरलंय, तरी मामी रात्री एकदा लावून बघणारच.