फरक मुलांना दिसतोच, तो सांगायचा कसा?

लहान मुलांच्या मनात भेदभाव नसतोच, मग जात, धर्म, भाषा, घरची परिस्थिती हे विषय त्यांच्यापुढे काढायचे कशाला, असे ठाणे-नवी मुंबईतले अनेक पालक आणि बालवाडीच्या ताई मनापासून मानतात. यातला पहिला भाग घटकाभर खरा मानला, तरी दुसऱ्याला बालमानसशास्त्र दुजोरा देत नाही.

भेदभाव नसला तरी फरक दिसतो, आणि तो फार लवकर दिसतो. तीन महिन्यांच्या बाळांवरील २००६ सालच्या एका अभ्यासात इस्रायलमधील गोऱ्या बाळांनी गोऱ्या चेहऱ्यांकडे, तर इथिओपियातील बाळांनी कृष्णवर्णीय चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहिले. मात्र इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतील ज्या बाळांच्या अवतीभवती दोन्ही प्रकारची माणसे वावरत होती, त्यांनी असा कल दाखवला नाही. म्हणजे बाळाची नजर भोवतालच्या माणसांवर घडते.

पुढे मोठ्यांचे वागणे कामाला येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उन्हाळी शाळेतील मुलांना निळे व पिवळे टी-शर्ट वाटले होते. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाचा उल्लेखही केला नाही. काही वर्गांत रंगानुसार बसवणे, हाक मारणे, कामे देणे सुरू ठेवले, पण कोणता गट चांगला याबद्दल चकार शब्द काढला नाही. काही आठवड्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या वर्गांतील मुले आपल्या रंगाचा गट अधिक चांगला मानू लागली होती, तर पहिल्या प्रकारच्या वर्गांत तसे घडले नाही.

हा प्रयोग वाचताना घोडबंदर रस्त्यावरच्या शाळांच्या फाटकाशी सहज ऐकू येणारा ‘आरटीईची मुले’ हा शब्दप्रयोग आठवल्यावाचून राहत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांची पुस्तकवाटपाला वेगळी रांग लावली, की तो टी-शर्टच झाला. याउलट ती मुले इतरांत खरोखर मिसळली तर काय होते, हे अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील खासगी शाळांत तपासले आणि २०१९ साली मांडले. गरीब घरांतील वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि रिले शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब मुलांना कमी डावलू लागली. इंग्रजीच्या गुणांवर किंचित प्रतिकूल परिणाम दिसला, हिंदी आणि गणितावर दिसला नाही.

मोठ्यांच्या वाक्यरचनेचाही परिणाम होतो. मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली चार वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक लोकसमूहाचे चित्रपुस्तक वाचून दाखवले. ‘हे लोक असे करतात’ अशी वाक्ये ऐकलेली मुले त्या समूहाचे गुण जन्मजात आणि न बदलणारे मानू लागली. ‘हा माणूस असे करतो’ असे ऐकलेल्या मुलांत ही समजूत तितकी रुजली नाही.

ऐरोली-दिवाळे परिसरातील बालवाडीत एखाद्या मुलाच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट निघते, आणि शेजारची मुलगी नाक दाबून ‘ई, वास येतोय’ म्हणते. ‘असे बोलू नये’ म्हणून तिला गप्प केले, तर त्या डब्यात लपवण्यासारखे काहीतरी आहे, एवढेच दोघे शिकतात. ‘कोळी लोक मासेच खातात’ हे उत्तर तर वरच्या प्रयोगातल्या पहिल्या वाक्याचा नमुना आहे. त्याऐवजी ताईंनी म्हणावे, ‘हा वास तुला नवीन आहे ना? याची आजी जवळा उन्हात वाळवते, मग कांदा-लसूण घालून तव्यावर परतते. तुझ्या आईच्या हिंगाच्या फोडणीचा वास त्याला नवीन असेल.’ वास नाकारला जात नाही, आणि बोलणे आजीबद्दल होते, जमातीबद्दल नाही.

याच कारणाने फेटा, मुंडू, लुंगी घालून साजरा होणारा एक दिवसाचा ‘विविधता दिन’ मला अपुरा वाटतो. त्यात प्रत्येक समाज एका पोशाखात कोंबला जातो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ पासून बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनास्थळ उभे आहे, आणि त्या समाजातल्या घरांत पोहे, खोबरे, साखर घालून मलिदा केला जातो. अशा एखाद्या घरच्या आजींनी वर्गात येऊन आपल्या बालपणीच्या मलिद्याविषयी मराठीतच सांगितले, तर पाच वर्षांच्या मुलाला ओळखीचे आणि अनोळखी एकाच वेळी भेटते.

कुटुंबांच्या रचनेबाबतही हेच लागू पडते. कोणी फक्त आईजवळ राहते, कोणाला आजी-आजोबा सांभाळतात, कोणी दत्तक आलेले असते. केंब्रिज विद्यापीठातील सुझन गोलोम्बोक यांच्या अनेक दशकांच्या संशोधनानुसार मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी घरात कोण-कोण आहे यापेक्षा नात्यांची गुणवत्ता अधिक महत्त्वाची असते. तरीही ‘माझे कुटुंब’ या पानावर आई, वडील आणि भावंड यांच्याच चौकटी आधीच आखलेल्या असतात, आणि एखादे मूल रिकाम्या चौकटीकडे पाहत बसते. पान कोरे द्यावे आणि एवढेच विचारावे: तुझ्या घरी कोण-कोण राहते, आणि तुला रात्री कोण झोपवते?