बाणाचा अर्थ काय? स्टेटचार्टच्या अर्थविचाराची पार्श्वभूमी

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे, आणि समोरची गाडी येईपर्यंत स्थानकात खोळंबून राहण्याला येथे 'क्रॉसिंग' म्हणतात. अशा स्थानकाची सिग्नलव्यवस्था एखादे गणित सोडवून थांबत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक घटनेला ती अखंड प्रतिसाद देत राहते. अशा प्रणालींना 'प्रतिक्रियाशील' म्हणण्याचा प्रघात डेव्हिड हॅरेल आणि आमिर प्नुएली यांच्या १९८५ च्या लेखामुळे रुळला.

त्याआधी, १९८३ मध्ये, इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या प्रकल्पावर सल्लागार असताना हॅरेल यांनी स्टेटचार्ट ही चित्रभाषा घडवली. साध्या अवस्थाचित्रात, म्हणजे चौकटींनी अवस्था आणि बाणांनी त्यांतील बदल दाखवणाऱ्या चित्रात, दोन-दोन अवस्थांचे दहा स्वतंत्र भाग मांडायचे तर १०२४ चौकटी लागतात. हॅरेल यांनी चौकटीत चौकट बसवली, समांतर चालणारे भाग तुटक रेषेने वेगळे केले आणि हा पसारा आवरला. चित्र अभियंत्यांना लगेच उमगले. त्याचा काटेकोर अर्थ ठरवणे मात्र लांबले.

अडचण कोठे होती? समजा, अ आणि ब हे दोन्ही सिग्नल लाल आहेत आणि समांतर भागांत दोन नियम लिहिले आहेत: 'या क्षणी "ब हिरवा" ही घटना घडत नसेल तर अ हिरवा कर', आणि नेमका याच्या उलट. (प्रत्यक्षातील इंटरलॉकिंग, म्हणजे परस्परविरोधी सिग्नल एकदम हिरवे होऊ न देणारी यंत्रणा, असे काही होऊ देत नाही, हे सांगायला हवे.) एका टप्प्यात उमटलेली घटना त्याच टप्प्यात दिसते असे धरले, तर दोहोंपैकी कोणताही एकच सिग्नल हिरवा होऊ शकतो; प्नुएली आणि शालेव यांनी १९९१ मध्ये मांडलेला अर्थ असा आहे. घटना पुढच्या टप्प्यात दिसते असे धरले, तर दोन्ही सिग्नल एकदम हिरवे होतात. स्टेटचार्टसाठीच्या स्टेटमेट या संगणकीय साधनाचा नियम हाच असून हॅरेल आणि नामाद यांनी तो १९९६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये जेरार बेरी यांच्या गटाने घडवलेली एस्टेरेल ही चित्रांऐवजी मजकुरात लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा तर असा आराखडा सदोष म्हणून नाकारते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला तीच भूमिका अधिक पटते.

दरम्यान, १९९४ मध्ये फॉन डेर बेक यांनी तुलनेसाठी स्टेटचार्टचे वीसच्या आसपास प्रकार एकत्र केले होते. १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या यूएमएल या सॉफ्टवेअर-आराखड्यांच्या चित्रभाषेने त्यांत आणखी एका नियमाची भर घातली: घटना रांगेत उभ्या करायच्या आणि एकीचे सर्व परिणाम पुरे झाल्यावरच दुसरी हाती घ्यायची.