एकाच ग्रंथीतून निघालेली दोन औषधे: ऑक्सिटोसिन आणि डेस्मोप्रेसिन

बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी आणि नंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन. लघवीचे प्रमाण कमी करण्यासाठी, किंवा सौम्य हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाचा दात काढण्याआधी डेस्मोप्रेसिन. उपयोग इतके वेगळे, तरी दोन्हींचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात आहे. या नात्यामुळेच दोन्हींचा एक धोकाही सारखा आहे.

या ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी 1895 मध्ये दाखवले. 1906 मध्ये हेन्री डेल यांना त्याच अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावताना दिसले. 1909 पासून तो प्रसूतीत वापरला जाऊ लागला. 1913 मध्ये जर्मनी आणि इटलीत डायबेटिस इन्सिपिडसच्या (साखरेशी संबंध नसलेल्या, अतोनात लघवी होण्याच्या आजाराच्या) रुग्णांची लघवी त्याने आटोक्यात आली. मात्र अर्क एकच असल्याने कळांसाठी तो दिला की रक्तदाबही चढे. 1928 मध्ये ऑलिव्हर कॅम यांच्या गटाने त्यातले दोन घटक वेगळे केले, ते म्हणजे कळा आणणारे ऑक्सिटोसिन आणि रक्तदाब चढवणारे, लघवी कमी करणारे व्हॅसोप्रेसिन.

न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. दोन्ही रेणूंत नऊ अमिनो आम्ले असतात. पहिल्या आणि सहाव्या जागेवरचे सिस्टेइन (एक अमिनो आम्ल) गंधकाच्या बंधाने जोडले जाऊन कडे तयार होते. फरक फक्त तिसऱ्या आणि आठव्या जागी: ऑक्सिटोसिनमध्ये आयसोल्युसिन आणि ल्युसिन, व्हॅसोप्रेसिनमध्ये फेनिलअॅलनिन आणि आर्जिनिन.

व्हॅसोप्रेसिन रक्तात काही मिनिटेच टिकते आणि रक्तवाहिन्या आवळते. प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये त्यात दोन बदल केले. पहिल्या जागेवरचा अमिनो गट काढला, त्यामुळे रेणू जास्त वेळ टिकू लागला. आठव्या जागी आर्जिनिनचे आरशातल्या प्रतिमेसारखे रूप बसवले, त्यामुळे रक्तदाबावरचा परिणाम जवळजवळ गेला. हेच डेस्मोप्रेसिन. 1977 मध्ये मिलानच्या मान्नुची यांनी त्याचा अगदी वेगळा उपयोग पुढे आणला. शरीरात साठलेला फॅक्टर 8 आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ही रक्त गोठवणारी प्रथिने ते रक्तात सोडते. किलोमागे 0.3 मायक्रोग्रॅम, सलाईनमधून 20 ते 30 मिनिटांत देतात. मुळात साठाच नसेल तर उपयोग नाही, म्हणून तीव्र हिमोफिलिया ए (फॅक्टर 8 ची कमतरता) मध्ये ते चालत नाही. हिमोफिलिया बी (फॅक्टर 9 ची कमतरता) मध्ये तर मुळीच नाही. लागोपाठ डोस दिले की साठा संपत जातो आणि परिणाम घटतो.

आता त्या सारख्या धोक्याविषयी. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणे हे डेस्मोप्रेसिनचे कामच आहे. रुग्ण पाणी पीत राहिला तर रक्तातले सोडियम उतरते. डोकेदुखी, उलट्या, मग फिट. म्हणून अंथरूण ओले करणाऱ्या मुलांना गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी बेताचे द्यायचे. अंथरूण ओले होण्याच्या तक्रारीवर डेस्मोप्रेसिनचा नाकातला फवारा वापरू नये, असे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये बजावले.

ऑक्सिटोसिन जास्त मात्रेत गेले की तेही मूत्रपिंडावर व्हॅसोप्रेसिनसारखेच वागते. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमधून (साखरेच्या द्रावणातून) तासन्‌तास दिले तर साखर शरीरात वापरली जाते, नुसते पाणी उरते आणि सोडियम कोसळते. म्हणून ते नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट या क्षारांच्या द्रावणातून द्यायचे. 500 मिलीत 5 युनिट घातले तर मिनिटाला 2 मिलियुनिट म्हणजे तासाला 12 मिली. मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सलाईन सेटवर मिनिटाला जेमतेम चार थेंब. इतके कमी थेंब डोळ्यांनी मोजताना चूक होतेच, इन्फ्युजन पंप हवाच. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या तर ते लगेच थांबवायचे.

ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात त्याची ताकद उतरते, आणि हे उघड होते ते रक्तस्राव थांबत नाही तेव्हा. ऑक्सिटोसिनसारखेच काम करणारे, उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, ते यासाठीच. भारतात गोठ्यांतला गैरवापर, म्हणजे जनावराला पान्हा फुटावा म्हणून दिलेली इंजेक्शने, रोखण्यासाठी केंद्राने 2018 मध्ये देशांतर्गत उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते ठेवले. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आमच्या मते ते योग्यच झाले. बाळंतिणीचा जीव वाचवणारे औषध एका कारखान्यावर टांगून ठेवता येत नाही.

2022 मध्ये डायबेटिस इन्सिपिडसचे नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ या अर्थाचे ठेवण्याचा प्रस्ताव आला. ‘डायबेटिस’ वाचून कर्मचारी साखर तपासत बसले आणि डेस्मोप्रेसिन द्यायचे राहिले, अशाने रुग्ण दगावले आहेत. हा आजार असलेल्याने दाखल होताना नवे नाव केस पेपरवर लिहून घ्यावे आणि डोसची वेळही शेजारी नोंदवून घ्यावी.