झॅप्फिनो: 54 वर्षं वाट पाहिलेलं अक्षर

इंग्रजी लग्नपत्रिकेवर कधी कधी एक ‘एफ’ दिसतो. त्याचा माथा वरच्या ओळीत शिरलेला असतो आणि शेपूट खालच्या ओळीत उतरलेलं. असा ‘एफ’ दिसला की तो बहुधा झॅप्फिनोचा असतो. हा फाँट बाजारात आला 1998 साली, पण त्याचं मूळ 1944 मधल्या एका वहीत आहे.

ती वही जर्मन अक्षररचनाकार हर्मन झॅप्फ यांची. 1918 साली न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेल्या झॅप्फना खरं तर विजेचे इंजिनिअर व्हायचं होतं. वडील कामगार संघटनेत असल्यामुळे नाझी राजवटीत ती वाट बंद झाली आणि ते फोटो रिटचिंगच्या कामाला लागले. 1935 साली रुडॉल्फ कॉख या जर्मन सुलेखनकाराच्या अक्षरांचं प्रदर्शन पाहून त्यांनी बोरू हातात घेतला. गुरू कोणीच नव्हता, पुस्तकं समोर ठेवून त्यांनी हात बसवला. पुढे युद्धात त्यांना नकाशे काढण्याचं काम मिळालं. त्याच काळातल्या वहीत सुलेखनाचं एक पान आहे, तेच झॅप्फिनोचं मूळ.

1948 साली श्टेम्पेल या अक्षरं ओतणाऱ्या फाउंड्रीसाठी त्यांनी अशा वळणाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, करून पाहिले, पण शिशाने साथ दिली नाही. खिळा चौकोनी असतो. अक्षराचा फाटा त्या चौकोनाबाहेर लोंबू लागला की छपाईत मोडतो, म्हणून लपेट आखडून घ्यावी लागते. मात्रा-वेलांट्यांसाठी शेकडो खिळे बाळगणाऱ्या, खिळे जुळवणाऱ्या आपल्या जुळाऱ्यांना ही अडचण वेगळी समजवावी लागली नसती.

1993 साली डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणाने झॅप्फना पत्र लिहिलं. एकेका अक्षराची अनेक रूपं असलेला फाँट करायची त्याची कल्पना होती. झॅप्फना वहीतलं ते पान आठवलं. काम जवळजवळ पूर्ण होत आलं आणि खासगी आयुष्यातल्या धक्क्याने सीगलने ते सोडून दिलं. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या झॅप्फनी मग ते लिनोटाइप या फाँट बनवणाऱ्या कंपनीकडे नेलं. तिथे त्याची चार वर्णमालांत, म्हणजे त्याच अक्षरांच्या चार वेगवेगळ्या संचांत, मांडणी झाली. 2003 साली अक्षररचनाकार अकिरा कोबायाशी यांच्यासोबत त्यांनी त्याची वाढीव आवृत्ती केली.

मला या फाँटमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शेजार बघून अक्षर रूप बदलतं. पाय मोडलेला क् आणि ष जवळ आले की संगणक ‘क्ष’ दाखवतो, तसंच हे. हाताने लिहिताना दोन ‘डी’ कधी सारखे येत नाहीत, ते इथे जपलं आहे.

वापरताना मात्र त्याला ऐसपैस जागा हवी. नाव, शीर्षक, प्रशस्तिपत्रावरची एखादी ओळ यांत तो खुलतो. परिच्छेदभर लावला तर ओळी एकमेकींत अडकतात. सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये तर कधीच घेऊ नयेत, सगळ्या लपेटा एकमेकींवर चढतात आणि नाव वाचता येत नाही.

अ‍ॅपलने मॅकसोबत दिलेल्या आवृत्तीत फाँटचंच नाव इंग्रजीत टाइप करून पाहा. शेवटचा ‘ओ’ उमटताच सातही अक्षरं मिळून एकच सलग आकृती होते.