सेल्फ मारतो पण गाडी उचलत नाही, तेव्हा आधी सायलेन्सरकडे बघा

आषाढातली पहाट, साडेचार वाजलेले, जुन्नरकडे मामाच्या घरी झोपलेलो आणि अंगणातून आवाज सुरू झाला, घर्रर्र घर्रर्र घर्रर्र, मग थांबायचा, मग परत घर्रर्र. मामाची डिझेल पिकअप. मागे टोमॅटोचे क्रेट रात्रीच रचून ठेवलेले, नारायणगावला मार्केटला निघायचं होतं आणि गाडी काही उचलेना. मामेभाऊ म्हणाला बॅटरी गेली, शेजारचे म्हणाले धक्का मारू, मी उगाच मोबाईलचा टॉर्च धरून उभा. शेवटी मामाने मिस्त्रीला फोन लावला. तो झोपेतच होता बहुतेक, पण एकच प्रश्न विचारला, "अण्णा, सेल्फ मारताना मागून धूर येतोय का?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. मागे कोणी बघितलंच नव्हतं.

हा प्रश्न मला तेव्हा फालतू वाटलेला, पण नंतर कळलं की अर्धं निदान त्यातच आहे. ते का, हे कळायला डिझेल इंजिन पेटतं कसं ते आधी बघावं लागेल.

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलमध्ये तसला प्लग नसतो. तिथे हवाच इतकी दाबतात की ती स्वतः तापते. सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो ना, तेच, फक्त कैकपटीने. पिस्टन वर येतो आणि सिलिंडरमधली हवा साधारण सतराव्या हिस्स्यात कोंबतो. कागदावर गणित मांडलं तर २७ अंशाची हवा साडेसहाशे अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात सेल्फवर एवढी तापत नाही कारण थोडी हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते, थोडी उष्णता थंड लोखंड खातं, पण डिझेलला पेट घ्यायला सव्वादोनशे-अडीचशे अंशही पुरतात, त्यामुळे हातात बरंच राहतं. अशा तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की भडका उडतो. बस एवढंच आहे. पुरेशी तापलेली हवा आणि वेळेवर आलेला फवारा, दोन गोष्टी, तिसरी नाही.

आता धुराचा प्रश्न परत बघा. सेल्फ मारताना मागून पांढरा, डोळ्यात झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल आत पडतंय पण पेटत नाहीये, न जळताच वाफ होऊन बाहेर येतंय. म्हणजे हवा पुरेशी तापत नाही. सेल्फ मंद फिरतोय का, हीटर प्लग (ठिणगीचे नव्हे, थंडीत आतली हवा तापवायला मदत करणारे) गेलेत का, रिंगा घासल्यात का, फवाऱ्याचं टायमिंग सरकलंय का, शोध त्या बाजूला. आणि धूर अजिबात नसेल, सायलेन्सर एकदम कोरडा, तर फवाराच पडत नाहीये. मग हीटर प्लग बदला, काहीही करा, गाडी चालू होणार नाही, कारण पेटायला आत काही नाहीच. एका नजरेत अर्धी गाडी तपासातून बाद झाली, आणि फुकटात.

आम्ही टॉर्च घेऊन मागे गेलो, भावाने चावी फिरवली. धूर नाही. वाससुद्धा नाही.

मिस्त्रीने फोनवरच पुढचं विचारलं, सेल्फचा आवाज कसा येतोय, नेहमीसारखा की रडका? नेहमीसारखाच होता. चांगला सेल्फ इंजिनला मिनिटाला दोनेकशे फेऱ्या देतो. बॅटरी उतरली की तो आकडा पडतो आणि मग हवेला निसटायला नि थंड व्हायला वेळ मिळतो, शिवाय व्होल्टेज फार खाली गेलं, साडेनऊ-दहाच्या खाली, तर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, पण गडबडतो. पण आमचा सेल्फ दणक्यात फिरत होता, म्हणजे धक्का मारायचा प्रश्नच मिटला. धक्का हा फक्त सेल्फचं काम करतो हो, सेल्फ नीट फिरत असेल तर चार माणसांनी घाम गाळून जास्तीचं काहीच मिळत नाही. आणि एक अगदी वेगळा आवाज असतो, सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर, एकसुरी फिरतो, मध्ये दाबाचा अडथळाच जाणवत नाही, तसं झालं तर पिस्टन आणि वॉल्व्हचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट किंवा चेन गेली असू शकते, तिथे चावी फिरवणं ताबडतोब थांबवायचं, नाहीतर पिस्टन वॉल्व्हवर आपटून खर्च वाढेल.

हीटर प्लगचं एक सांगतो, कारण पहिला संशय सगळ्यांचा तिकडेच जातो. आपल्याकडच्या पावसाळी पहाटेच्या वीसेक अंशात धडधाकट इंजिन बहुतेक वेळा हीटरशिवायही उचलतं, थोडं खोकतं एवढंच. हिमाचल-काश्मीरच्या थंडीत गोष्ट वेगळी.

तर फवारा का पडत नाही? जुन्या गाड्यांत हे सोपं होतं, पंप फिरला की नोझलला डिझेल जायचं, फारतर डिझेल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा वॉल्व्ह, अडकायचा. आताच्या कॉमन रेल गाड्यांत मधे एक कारकून बसलाय, ईसीयू. टाकीतून डिझेल फिल्टरमार्गे हाय प्रेशर पंपाला जातं, पंप ते एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये दाबून भरतो आणि तिथून ईसीयू हुकूम देईल तसं नोझल उघडतं. हा हुकूम सुटायला त्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात. एक, इंजिन फिरतंय का आणि पिस्टन कुठे आहे, हे क्रँक सेन्सर सांगतो. दोन, रेलमध्ये पुरेसा दाब आलाय का. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर हा दाब २०० बारच्या आसपास यावा लागतो, कंपनीगणिक थोडं कमीजास्त. घरातला कुकर शिट्टी देताना आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो, म्हणजे दोनशे कुकरांचा दाब, तोही फक्त चालू व्हायला. पळताना हाच दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. दाब तेवढा आला नाही तर ईसीयू नोझल उघडतच नाही.

मामाच्या गाडीत इमोबिलायझरचा, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा, चावीचा दिवा नेहमीसारखा विझत होता म्हणून तो संशय गेला. फ्यूज बघितले, मेन रिले ठीक. उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघितलं, गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांनी हे आधी बघावं, हसू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित हलत होता, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत होता. काटा मेल्यासारखा पडून राहिला तर संशय सेन्सरवर जातो, पण काही गाड्यांत तो सेल्फवर हलतच नाही, तिथे ईसीयूला जोडून बिघाड वाचायच्या यंत्रावर, स्कॅनरवरच बघावं लागतं.

सहाच्या सुमाराला मिस्त्री स्कॅनर घेऊन आला. कोड निघाला पी ००८७, रेलचा दाब कमी. इथेच भल्याभल्यांची फसगत होते. कोड सांगतो दाब कमी आहे, का कमी आहे ते सांगत नाही, आणि लोक सरळ हाय प्रेशर पंप बदलून मोकळे होतात, जो सगळ्यात महाग. मिस्त्रीने कोड वाचला आणि बाजूला ठेवला, मग सेल्फ मारून आकडा बघितला, रेलचा दाब वीस-तीस बारवर लटपटत होता.

दाब न यायची कारणं तीन दिशांना असतात. पंपापर्यंत डिझेलच नीट येत नाही, किंवा पंप आणि त्याचा वॉल्व्ह थकलाय, किंवा आलेला दाब कुठूनतरी निसटतोय, बहुतेकदा घासलेल्या नोझलच्या रिटर्नमधून, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून. नोझल तपासायला चारही रिटर्नला नळ्या लावून चार बाटल्यांत सोडतात आणि सेल्फ मारतात, एक बाटली भराभर भरली की चोर सापडला. पण मिस्त्री म्हणाला आधी पंपाच्या अलीकडचं बघू, तिथे खर्च नाही. आणि मामाला विचारलं, "फिल्टर कधी बदलला?" परवाच. मामाने स्वतः.

मिस्त्रीने फिल्टर ते पंप या पाइपात सलाइनची पारदर्शक नळी जोडली आणि सेल्फ मारला. नळीतून डिझेल येत होतं खरं, पण फेसाळ, बुडबुड्यांची माळच. गाडीने एअर घेतलेला.

बुडबुड्याने एवढं काय बिघडतं? इंजेक्शनची सिरिंज घ्या, पाण्याने भरा, तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा, हलणार नाही. आता हवा भरून दाबा, दांडा खुशाल आत जातो आणि सोडला की परत येतो. पंपाचं तेच होतं. त्याची सगळी मेहनत बुडबुडा आवळण्यात जाते, दाब रेलपर्यंत पोचतच नाही. गंमत म्हणजे रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं त्यात इंधन आत फवारायला दाबलेली हवाच वापरायचे. तिथली मदतनीस इथे अशी नडते.

पण परवा फिल्टर बदलला तर काल दिवसभर गाडी चालली कशी, आणि खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. मामा हेच सांगत होता, "गळती असती तर दिसली असती की." तर या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, पंप डिझेल खेचून घेतो, म्हणून फट असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. चालत्या गाडीत थोडे बुडबुडे वाहून रिटर्नने टाकीत जातात, कळत नाही. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, फिल्टर टाकीपेक्षा वर असल्याने लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि सकाळी पंपापुढे रिकामा पाइप. टाकीत पंप असलेल्या गाड्यांत मात्र लाइनला आतून दाब असतो, तिथे अशी फट ओली दिसते.

भाऊ म्हणाला, पाइप ढिला करून सेल्फ मारून एअर काढू, जुन्या गाड्यांना करायचो तसं. मिस्त्री त्याच्यावर ओरडलाच. कॉमन रेलचा नोझलकडचा पाइप सेल्फवर कधीही ढिला करायचा नाही, सातेक बारचा बारीक फवाराही कातडी भेदू शकतो, इथे तर शेकडो बारची गोष्ट. वर टाचणीएवढा ठिपका दिसतो, आत डिझेल पसरतं आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट कापायची वेळ येते. असं काही झालंच तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरायचा उद्योगही तसलाच, हीटर प्लग तापलेले असतील तर भडका भलत्या वेळी होतो आणि पिस्टन, रिंगा फुटतात.

फिल्टरचा जोड सोडवला तर आतलं रबरी रिंग एका बाजूला मुडपलेलं, मामाने घाईत कोरडंच बसवलेलं. नवीन रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवलं, फिल्टरवरचा हँड पंप कडक होईपर्यंत मारला, नळीतले बुडबुडे गेले. मग सेल्फ. दहा सेकंद, काही नाही. एक मिनिट थांबलो, सेल्फही तापतो. परत मारला आणि मागून भाऊ ओरडला, "धूर आला, धूर आला!" पांढरा भपकारा, दोन खोकले, आणि गाडी उचलली.

टोमॅटो तोवर शेजाऱ्यांच्या गाडीतून निघून गेले होते.