दात घासले, जीभ मागे राहिली

तोंडाला वास आला की बहुतेकांचा संशय दातांवर जातो. पुष्कळदा मूळ असते ते जिभेच्या मागच्या भागात, आणि वैद्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय ते सरळ सांगतो: जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वासाला अडथळा करतो, दुर्गंधी आणतो, म्हणून जीभ खरवडावी. साधन कसे असावे तेही तिथेच आहे. सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळेचे, बाकदार आणि धार नसलेले. सुश्रुताने लाकडाचे साधनही चालवून घेतले, लांबी दहा अंगुळे ठरवली आणि ते मऊ, गुळगुळीत असावे असे बजावले.

धार नको, ही अट मला फार महत्त्वाची वाटते. जिभेच्या पाठीवर बारीक, टोकदार उंचवट्यांची दाट लव असते. थर साचतो तो या लवेच्या मधल्या जागेत. काढायचा तो थर, लव सोलायची नाही. रोज जीभ साफ करणाऱ्या हातांच्या अनुभवातूनच हा तपशील ग्रंथात आला असणार.

सातव्या शतकात नालंदा येथे राहून गेलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने विहारातली सकाळ बारकाईने लिहून ठेवली आहे. दातवण जास्तीत जास्त बारा अंगुळे, कमीत कमी आठ. त्याचे टोक नीट चावून मऊ करायचे, दात घासायचे. मग तीच काडी उभी चिरायची, वाकवायची आणि तिने जीभ खरवडून चूळ भरायची. वेगळी पट्टी वापरायची असेल तर तांब्याची किंवा लोखंडाची चालेल, असेही तो सांगतो. अरबस्तानातही हेच दिसते. प्रेषितांचे सहकारी अबू मूसा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांविषयीच्या आठवणीत, प्रेषित मुहम्मद मिसवाक (दातवणाची काडी) जिभेपर्यंत नेत असल्याचे वर्णन आहे.

एकाच काडीने दात आणि जीभ दोन्ही साफ होत, आणि दोन्ही मिळून मुखशुद्धी पुरी होई. माझ्या मते जीभ मागे पडली ती ही जोडी तुटल्यावर. केसांचा ब्रश आधी चीनमध्ये आला. युरोपात विल्यम अॅडिस यांनी १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रशचे उत्पादन सुरू केले आणि १९३८ मध्ये नायलॉनचे केस आल्यावर तो घरोघरी पोचला. पण ब्रश चिरता येत नाही, वाकवताही येत नाही. जिभेसाठी दुसरी वस्तू हवी झाली. युरोपातल्या श्रीमंतांकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चांदीच्या, हस्तिदंताच्या पट्ट्या होत्या. सामान्य घरांत मात्र त्या रुळल्या नाहीत.

वैद्य आणि डॉक्टर जीभ पाहत होतेच, पण निदानासाठी. चीनमध्ये १३४१ च्या एका ग्रंथात रोगलक्षणे दाखवणाऱ्या जिभांची ३६ चित्रे आहेत. पांढरा थर ही तिथे खूण होती, आणि खूण पुसून कशी चालेल?

विसाव्या शतकात जाहिरातींनी वेगळीच वाट धरली. लिस्टरीन हे चूळ भरायचे औषध १८७९ मध्ये तयार झाले ते जंतुनाशक म्हणून. १९२० च्या दशकात मुखदुर्गंधीला भारदस्त वैद्यकीय नाव देऊन ते घरोघर विकले गेले. तोंडात औषध खळखळवा, काम झाले, ही समजूत तेव्हापासून पक्की होत गेली. थर हाताने काढायचा असतो, हे त्या जाहिरातींत नव्हते.

वास नेमका कशाचा, याचा छडा लागला तो पुढे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ टोंझेटिच यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत श्वासातले वायू तपासले. मुख्य गुन्हेगार निघाले हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन. जिभेच्या मागच्या भागातल्या थरात ऑक्सिजन फारसा पोचत नाही. तिथे वाढणारे जिवाणू गळून पडलेल्या पेशी आणि लाळेतली प्रथिने फोडतात, तेव्हा हे गंधकयुक्त वायू सुटतात. जिभेच्या मुळाशी बोट दाखवणारा चरकसंहितेतला श्लोक इथे अक्षरशः खरा ठरतो.

उपायाबद्दलचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. २००६ मधल्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) निकषांत बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या होत्या, मिळून ४० जणांच्या. खरवडणी ब्रशपेक्षा वास थोडा जास्त कमी करते, पण परिणाम फार वेळ टिकतो असे दिसत नाही, एवढेच त्यातून निघाले. म्हणजे हे रोज करायचे काम आहे, एकदा करून सोडायचे नाही.

अलीकडे जिभेवरच्या जिवाणूंची दुसरी बाजूही समोर आली आहे. त्यांतले काही अन्नातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, आणि ते रक्तवाहिन्या सैल ठेवते. तीव्र जंतुनाशकाने रोज खळखळून चुळा भरल्या तर हे जिवाणूही मरतात आणि रक्तदाब किंचित चढू शकतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. खरवडताना फक्त वरचा थर निघतो, सगळी वस्ती उठत नाही. तेव्हा औषधाच्या बाटलीआधी हात जायला हवा तो बोथट, बाकदार पट्टीकडे, आणि तीही मागून पुढे, हलक्या हाताने ओढायची.